मॉरिशसला खडकात ऊस कसा काय येतो?

पलूसचा_शेतकरी: आमचे मेव्हणे मॉरिशसला फिरून आले, फोटो बघतोय तर बीचचे कमी न् उसाचेच जास्त. रानाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग रचलेत, घराएवढे! ज्वालामुखीचं बेट म्हणतात, मग एवढ्या खडकात ऊस येतोच कसा? आणि उसावर देश चालतो का खरंच?

कराडकर: ते ढीग रान साफ करताना हातानं वेचलेत. १८३४ पासनं आपल्याकडनं करारावर मजूर नेले, त्यांनी. मराठी माणसंपण होती त्यात. पोर्ट लुईला ते उतरायचे तो आप्रवासी घाट अजून आहे. राहिली माती, तर लाव्हा झिजूनच झालेली, आपल्या काळ्या रानासारखीच, फक्त दगड लई.

माणदेशी: पाऊस बघा की, तिथं खरी मजा आहे. आग्नेयेकडनं वारं येतं, मधल्या पठारावर वर्षाला ४००० मिमीपर्यंत पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर ९०० च्या आसपास, म्हणजे महाबळेश्वर आणि आमचं माण एकाच बेटावर, अन् बेटाची लांबी सगळी मिळून ६५ किमी! चक्रीवादळात बाकी पिकं झोपतात, ऊस आडवा झाला तरी परत उठतो, म्हणून तोच टिकला.
तोड जूनला चालू होते बरं का, दक्षिण गोलार्ध, त्यांची थंडी तेव्हा.

पलूसचा_शेतकरी: जूनला तोड?? इथं जूनला ट्रॅक्टर रानात घातला तर बैल जोडून काढावा लागंल 😄

मळीवाला: देश उसावर चालायचा, आता नाही. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यात म्हणजे जवळजवळ साखरच. १९७० ला निर्यातीसाठी सवलती देऊन कपड्याचे कारखाने आणले, मग हॉटेलं, मग बँका-फायनान्स. युरोप ठरलेल्या दरानं साखर उचलायचा, तो दर २००६ नंतर टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के उतरवला, कारखाने पटापट बंद झाले. राहिलेले चिपाडावर वीज करून ग्रिडला विकतात. आपल्याकडं एवढा दर पडला असता तर हायवे महिनाभर बंद असता.

कराडकर: अजून एक राहिलं. शेजारच्या रियुनियनचा ज्वालामुखी आजपण फुटतो. जमिनीखालच्या ज्या गरम जागेवरनं ही बेटं वर आली, तिच्यातनंच साडेसहा कोटी वर्षांमागं आपला सह्याद्रीचा दगड ओतला गेला असं भूगर्भवाले सांगतात. मॉरिशस त्यामानानं पोरगं, ८०-९० लाख वर्षांचं.

पलूसचा_शेतकरी: म्हणजे आमच्या विहिरीला सुरुंग लावून फोडला तोच दगड बघायला मेव्हण्यांनी विमानाचं तिकीट काढलं. सांगू का त्यांना?