मलाक्का सल्तनत उभी करतोय: जावावर स्वारी करू की सामुद्रधुनीतच थांबू?

दर्यावर्दी_रत्नागिरी
युरोपा युनिव्हर्सलिस ४ या इतिहासावरच्या कॉम्प्युटर गेममध्ये मलाक्का (मलाय द्वीपकल्पावरचं बंदर-राज्य) घेऊन १४४४ पासून खेळतोय. जग जिंकायचं नाहीये. सुलतान मन्सूर शाहच्या काळात (१४५९ ते १४७७) सल्तनत जशी होती तशी उभी करायची आणि १५११ ला पोर्तुगीजांच्या हाती जाऊ द्यायची नाही, एवढंच मनात आहे.

गेममध्ये आता १४८३ चालू आहे. चीनच्या मिंग घराण्याला खंडणी देतो, त्या धाकाने आयुथया (सयाम) अजून अंगावर आलेला नाही. द्वीपकल्पाचा दक्षिण भाग माझा, समोर सुमात्रात सियाक आणि इंद्रगिरी मांडलिक. तिजोरी बरी आहे. तिकडे जावातलं मजपाहित राज्य खिळखिळं झालंय आणि जावाचे भाताचे प्रांत समोर दिसतायत. घेऊ का? की आधी उत्तरेला पट्टानी, लिगोर घेऊन मलाय राष्ट्र स्थापन करायच्या मागे लागू? इतिहास माहीत असलेल्या कुणीतरी सांगा, नुसते आकडे नकोत.

बंदरकाका
जावा सोडून द्या. मन्सूर शाहची सल्तनत हवी असेल तर जावाची एक वीतही लागत नाही.

माझा धंदा कस्टम क्लिअरिंगचा, न्हावा शेवाला. म्हणून मलाक्काचं राज्य मला आधी बंदर म्हणून दिसतं. त्या शहरात खाण्यापुरता भातही पिकत नव्हता. तांदूळ जावाहून, सयामहून, पेगूहून (आजचा ब्रह्मदेश) यायचा. पण तो आणणारे व्यापारी आपल्या पायाने यायचे, कारण तिथे माल अडकून पडत नसे. चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते: एक फक्त गुजरात्यांचा, दुसरा बाकीच्या हिंदी, पेगू आणि सुमात्रातल्या पासेच्या व्यापाऱ्यांचा, तिसरा जावा आणि आसपासच्या बेटांचा, चौथा चिनी आणि चंपाच्या (आजच्या व्हिएतनाममधल्या) लोकांचा. जहाज लागलं की आपल्या माणसाकडे जायचं. गोदाम तो देणार, माल वाहायला हत्ती तो देणार, भांडण झालं तर पहिली दाद त्याच्याकडे. पश्चिमेकडून येणाऱ्या मालावर साधारण ६ टक्के जकात. चीन आणि पूर्वेकडचे लोक ठरलेली जकात न देता नजराणा देत. मालाची किंमत ठरवायला व्यापाऱ्यांचंच मंडळ बसायचं, म्हणजे निकाल पटकन. हे वाचून मी थक्क झालो होतो. आमच्याकडे एक कंटेनर दोन दिवस जास्त थांबला तर पार्टीचा जीव टांगणीला लागतो. डेमरेज (माल जास्त थांबल्याचा दंड) चढलं की पुढच्या खेपेला तो माणूस दुसरं बंदर बघतो. मलाक्काच्या सुलतानांना हे पुरतं कळलं होतं.

गेममध्ये याचा अर्थ सरळ आहे. कँटन आणि मोलुकास, दोन्ही नोड (गेममधली व्यापाराची केंद्रं) तुमच्या मलाक्का नोडमध्ये येऊन पडतात. पैसा तिथेच आहे. लाइट शिप (हलकी व्यापारी जहाजं) वाढवा आणि मलाक्का नोडमध्ये व्यापाराच्या राखणीला लावा. किनाऱ्यावरच्या प्रांतांत मार्केटप्लेस बांधा. मोनार्क पॉइंट (राजाच्या कर्तबगारीचे गुण) उरले तर मलाक्का शहर डेव्हलप करा. सुमात्रातली संस्थानं मांडलिकच ठेवा, खालसा करू नका. द्वीपकल्पातलं पहांग आणि सुमात्रातले कंपार, सियाक असेच होते: गाद्या वेगळ्या आणि मलाक्काशी नातं. फक्त सगळ्यांची मिळून ताकद तुमच्यापेक्षा जड झाली की लिबर्टी डिझायर (मांडलिकांची स्वतंत्र व्हायची ओढ) ५० च्या वर जाते. म्हणून थोडेच ठेवा आणि लग्नसंबंध जोडा.

आणि ओरांग लाउत विसरू नका. सामुद्रधुनीत होड्यांवर राहणारे हे लोक जहाजांना वाट दाखवून बंदरात आणत, बाहेरच्या चाच्यांना हुसकत, युद्धात वल्ही मारत. आरमार म्हणजे मुळात तेच. १६९९ मध्ये जोहोरचा (मलाक्काच्या वारसांचं पुढचं राज्य) सुलतान महमूद शाह दुसरा मारला गेला आणि वारस नसल्याने गादी बेंदहारा (मुख्य प्रधान) घराण्याकडे गेली. त्यानंतर यातल्या बऱ्याच जणांची निष्ठा तुटली. जोहोरचा खरा कणा तेव्हा मोडला असं माझं ठाम मत आहे.

क्लांगचा_पाहुणा
काकांचं व्यापाराचं म्हणणं मान्य. उत्तरेबद्दल मात्र मी वेगळं सांगेन. सयामने मलाक्कावर दोनदा मोठी चाल केली, १४४५ आणि १४५६ च्या सुमाराला, आणि दोन्ही वेळा मलाक्काच्या तुन पेराकने ती परतवली. दुसऱ्या खेपेनंतर तो बेंदहारा झाला आणि १४९८ पर्यंत राज्य त्यानेच सांभाळलं. मिंगचा धाक कायमचा नसतो. उत्तरेच्या वाटेवर एक किल्ला हवाच.

१५११ बद्दल. मी क्वालालंपूरला राहतो, मलाक्काला अनेकदा जाणं होतं. नदी बघितली की पहिल्यांदा धक्काच बसतो, इतकी अरुंद आहे. सगळी लढाई तिच्यावरच्या एका पुलासाठी झाली. पुलाच्या एका बाजूला सुलतानाचा वाडा आणि मशीद, दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्यांची वस्ती. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी इथे आला, जेमतेम हजार-बाराशे माणसं घेऊन. जुलैमधला पहिला हल्ला फसला. ऑगस्टमध्ये त्याने एक उंच जंक (चिनी धाटणीचं जहाज) भरतीबरोबर पुलाला नेऊन भिडवली आणि पूल धरला.

पण त्याआधीच शहर आतून फुटलं होतं. सुलतान महमूदने १५१० मध्ये आपल्याच बेंदहाराला, तुन मुताहिरला, ठार मारवलं होतं. सुलतानावर चिडलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी पोर्तुगीजांना आपली गलबतं दिली. निना चातू हा तमिळ हिंदू व्यापारी त्यांच्या बाजूने होता आणि नंतर त्यांनी त्यालाच बेंदहारा केलं. म्हणून गेममध्ये बर्गर इस्टेटची (व्यापारी वर्गाची) लॉयल्टी खाली जाऊ देऊ नकोस. आरमार सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी ठेव आणि पोर्तुगीजांची ट्रान्सपोर्ट जहाजं सैन्य उतरायच्या आत गाठ.

दर्यावर्दी_रत्नागिरी
दोघांचे आभार. जावा रद्द. उत्तरेकडच्या केदाजवळ किल्ल्याला आजच हात घालतो. एक शंका राहिली: इतकं करूनही शहर गेलंच, तर खेळ सोडून द्यायचा का?

बंदरकाका
अजिबात नाही! शहर गेल्यावर महमूद शाह बिंतान बेटावर गेला आणि तिथून वर्षानुवर्षं मलाक्कावर हल्ले करत राहिला. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी बिंतान जाळलं, १५२८ मध्ये तो कंपारला वारला, आणि त्याच वर्षी त्याच्या मुलाने जोहोरची गादी मांडली. मुसलमान व्यापारी आचे, बांतेन, जोहोर या बंदरांकडे वळले, त्यामुळे पोर्तुगीजांना किल्ला मिळाला पण पूर्वीचा व्यापार पुरता हाती आला नाही. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतलं तेव्हा जोहोर त्यांच्या बाजूने लढत होतं.

म्हणून सामुद्रधुनीच्या दक्षिणेची रियाउ-लिंगा बेटं (बिंतान यातलंच) आत्ताच ताब्यात घ्या आणि तिथे एक चांगलं बंदर वाढवून ठेवा. शहर गेलं तर राजधानी तिकडे हलवा, लाइट शिप त्याच नोडमध्ये राहू द्या, आणि पोर्तुगालचं युरोपात कुणाशी जुंपलं की मलाक्का परत मागा.