ओट्याची उंची: डिशवॉशर विसरू नका
कोपरापासून १०-१५ सेंमी खाली ओटा, हा ओट्याच्या उंचीसाठी नेहमी सांगितला जाणारा हिशोब चिरण्या-मळण्यासाठी बरोबरच आहे. पण तोच आकडा सरसकट लावू नका. गॅसवर भांड्याची उंची वाढते, म्हणून तिथे ओटा जरा खाली असलेला बरा. सिंकचं उलट: हात तळापर्यंत, म्हणजे आणखी १८-२० सेंमी खाली जातात. भांडी घासताना कंबर भरून येते ती त्यामुळेच.

डिशवॉशरचा विचार मात्र या हिशोबात नसतो. नेहमीच्या बिल्ट-इन मशीनला ओट्याखाली साधारण ८२ सेंमी मोकळी उंची लागते, तीही खालचे पाय पूर्ण आत फिरवल्यावर. वर दगडाची जाडी धरली की ओटा ८५च्या आसपास गेलाच. ८०चा बांधून बसलात तर मशीन आत सरकणारच नाही. अरुंद, ४५ सेंमीचं मॉडेल घेऊनही सहसा उपयोग नसतो, कारण कमी होते ती रुंदी. आणि माप फरशी बसल्यानंतरचं धरा. कच्च्या जमिनीवरून मोजलं की नेमके तेवढेच दोन-तीन सेंमी कमी पडतात. प्लग पॉइंट मशीनच्या मागे नको, शेजारच्या कपाटात घ्या. बंद करायला दरवेळी मशीन कोण ओढणार?