मदत हवी आहे: १९८१ च्या जपानी टीव्हीवरच्या जाहिराती शोधतेय

नमस्कार मंडळी,

इथे जपानमध्ये राहिलेले आणि जपानी शिकलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

माझे बाबा १९८१ मध्ये कंपनीकडून प्रशिक्षणासाठी योकोहामाला होते. हॉस्टेलच्या हॉलमध्ये एकच टीव्ही होता आणि संध्याकाळी देशोदेशीची पोरं त्याच्यापुढे बसायची. भाषा कुणालाच धड येत नव्हती. बातम्या, मालिका सगळं डोक्यावरून जायचं. जाहिराती मात्र रोज त्याच लागायच्या, आणि पंधरा-तीस सेकंदांत काय ते कळायचंही, त्यामुळे त्या गाण्यांसकट पाठ झाल्या. आजही भाजी निवडताना बाबा त्यातल्या चाली गुणगुणतात. यंदा त्यांची पंच्याहत्तरी आहे. त्या जाहिराती मिळवून घरच्या टीव्हीवर लावायच्या असा आम्हा भावंडांचा बेत आहे.

अडचण अशी की नावं त्यांना आठवत नाहीत, चित्रं तेवढी आठवतात. त्यांच्याच शब्दांत देते.

माळरानावर छत्रीसारखं पसरलेलं एक प्रचंड झाड आणि मागे कोरस. "आपल्या रस्त्यांवर असतं तसलंच झाड" असं ते ठामपणे सांगतात. मग कॅन-कॅन या फ्रेंच नाचाच्या चालीवर एका ओळीत पाय उडवत नाचणारी कळसूत्री अस्वलं. एका हॉटेलच्या जाहिरातीत फोन नंबर गाण्यात म्हणायचे. तो त्यांना अजून पाठ आहे: चार-एक-दोन-सहा. शिवाय गवती टोपी घातलेला, तोंडाभोवती गोल काळी दाढी असलेला कार्टूनमधला शेतकरी, आणि गावाकडची आठवण काढणारं संथ गाणं.

शेवटची सगळ्यात महत्त्वाची. पाऊस पडतोय, शहरातले ओले रस्ते, आणि त्यातून एकटंच चाललेलं कुत्र्याचं छोटं पिल्लू. वर एका पुरुषाचा शांत आवाज. घरची आठवण यायची त्या दिवसांत ही लागली की हॉलमध्ये कुणी बोलायचं नाही, असं बाबा सांगतात. जाहिरात कशाची होती हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं. छत्रीची असावी असा त्यांचा अंदाज आहे.

कुणाला काही ओळखू येतंय का? आणि इतक्या जुन्या जाहिराती बघायला कुठे मिळतात?

प्रतिसाद (तोक्योहून)

काय सुंदर धागा! बाबांची स्मरणशक्ती जबरदस्त आहे, जवळजवळ सगळ्या ओळखता येतात.

झाड म्हणजे हिताचीचं झाड. १९७३ पासून ही जाहिरातमालिका आणि तिचं गाणं चालू आहे. हे झाड जपानमध्ये नाही, हवाईत ओआहू बेटावरच्या मोआनालुआ बागेत आहे. आणि बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं! तो आपला पर्जन्यवृक्षच. मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर दुतर्फा असतो तोच.

अस्वलं बुनमेइदो या कास्तेरा केकवाल्यांची. चाल ओफेनबाख या संगीतकाराची, शब्द साधारण असे: "कास्तेरा एक नंबर, फोन दोन नंबर, तीन वाजताचा खाऊ बुनमेइदो." कास्तेरा पोर्तुगिजांमुळे नागासाकीत आला. त्यांची जहाजं गोवा-मकावमार्गेच तिथे पोचायची, म्हणजे दूरचं नातं आपल्याशीही आहे.

४१२६ हे इतो गावातलं हातोया हॉटेल. हे आकडे जपानीत यो-इ-फु-रो असे वाचले की 'छान अंघोळ' असा अर्थ होतो, आणि हॉटेल गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातलं आहे. योकोहामाहून समुद्रकाठाने गाडीने गेलं की इतो लागतं, त्यामुळे बाबांच्या टीव्हीवर ही सतत असणार.

दाढीवाला म्हणजे कार्ल काका. मेइजी कंपनीचा मक्याचा चीझवाला कुरकुरीत खाऊ, नाव कार्ल.

पिल्लाची मला खात्री नाही, जाणकार सांगतील.

प्रतिसाद (पुण्याहून, जपानी शिकवते)

पिल्लाची मी सांगते, कारण ही जाहिरात मी वर्गात दरवर्षी दाखवते. ती व्हिस्कीची आहे! सनतोरीची तोरिस व्हिस्की, १९८१. म्हणजे बाबा तिथे होते तेव्हा ती अगदी नवी होती. शहर क्योतो. ओळी नाकाहाता ताकाशी या जाहिरातलेखकाच्या. वॉशलेट या पाण्याचा फवारा मारणाऱ्या कमोडची १९८२ ची गाजलेली जाहिरातही त्यांचीच, पण ते वेगळं प्रकरण.

पिल्लू पावसात भिजत गल्लीबोळांतून, माणसांच्या पायांजवळून चालत राहतं. व्हिस्की कशी मुरवली, चव कशी, यातलं काहीच नाही. निवेदक एवढंच म्हणतो की किती तऱ्हेचे जीव जगत असतात, आणि मग सांगतो, बरे राहा, तूर्तास तरी बरे राहा, सगळेच बरे राहा. तोरिस ही महागडी व्हिस्की नव्हती. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या साध्या माणसाची होती, आणि जाहिरात त्याच्याशीच बोलते. घरापासून लांब राहिलेल्या मुलांना भाषा न कळताही ती कळली, यात मला नवल वाटत नाही. माझे विद्यार्थीही पहिल्यांदा बघतात तेव्हा गप्प होतात.

शोधताना दोन गोष्टी करा. रोमन लिपीत शोधू नका, जपानी लिपीतच शोधा. आणि साल जपानी पद्धतीने, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे टाका. १९८१ म्हणजे शोवा ५६. सोबत 'नात्सुकाशिई' (जुन्या आठवणी जाग्या करणारं) आणि 'सीएम' हे शब्द घाला. जाहिरातीला तिथे सीएमच म्हणतात. लोकांनी घरच्या व्हीसीआरवर कार्यक्रम टेप करताना मधल्या जाहिरातीही टेप झाल्या, आणि आता तीच मंडळी त्या कॅसेटी चढवताहेत. चित्र थोडं थरथरतं, पण १९८१ च्या हॉलमधल्या टीव्हीवर ते याहून स्वच्छ दिसत असेल असं नाही!

प्रतिसाद (ओसाकाहून)

नीट जतन केलेल्या प्रती बघायच्या असतील तर दोन जागा आहेत. योकोहामात निहोन-ओदोरी स्टेशनला लागून होसो लायब्ररी, म्हणजे प्रसारण ग्रंथालय आहे. तिथे जुने कार्यक्रम आणि जाहिराती फुकट बघता येतात, पण तिथेच बसून. तोक्योत शिओदोमेला जाहिरातींचं संग्रहालय आहे, तेही फुकट. कुणी ओळखीचं तिकडे असेल तर आधी फोन करून त्या जाहिराती संग्रहात आहेत का ते विचारायला सांगा.

आणि कार्लचं एक. २०१७ मध्ये पूर्व जपानातली विक्री बंद झाली. तोक्यो, योकोहामात आता दुकानात मिळत नाही, आमच्या बाजूला मिळतो. पाकिटावर काका अजून तसेच आहेत.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! पिल्लाची जाहिरात मिळाली. बाबांना अजून दाखवलेली नाही, वाढदिवसालाच दाखवणार. व्हिस्कीची होती हे कळल्यावर आई मात्र आत्तापासूनच हसतेय.

माझी मामेबहीण योकोहामालाच आहे, तिला होसो लायब्ररीचं सांगितलंय. ओसाकाकर, पुढच्या महिन्याभरात तुमच्याकडून कुणी पुण्या-मुंबईकडे येणार असेल तर कार्लचं एक पाकीट पाठवता येईल का? पैसे लगेच पाठवते. चीझचंच हवं.