विलगीकरण म्हणजे कोठडीच
'तुरुंगातली साथ रोखायला लस द्या, मास्क वाटा आणि नवा कैदी आला की चौदा दिवस वेगळा ठेवा, साथ आत शिरणारच नाही' हे म्हणणं कागदावर ठीक आहे. पण ऑस्ट्रेलियात वेगळा ठेवायचा म्हणजे बहुधा एकट्याला कोंडायचा. आदिवासी कैद्याला असं एकटं ठेवणं अत्यंत अनिष्ट आहे, हे आदिवासींच्या कोठडीमृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ सालीच बजावलंय (९९ मृत्यू तपासले, ३३९ शिफारशी केल्या, त्यातली १८१वी हीच). देशात आदिवासी चार टक्क्यांच्या आत, तुरुंगात मात्र तिघांत एकाहूनही जास्त. म्हणजे नियमाचा फटका कोणाला बसतो ते उघड आहे.

लशीबद्दल वाद नाही. पण लक्षणं वेळेत कळणार कशी? खोकला सांगितला की कोठडी, हे ठाऊक असलेला माणूस खोकला दाबणारच! कॅनबेराच्या अलेक्झांडर मॅकोनोची तुरुंगात २०१९पासून विनंगा निमिट्जा ही आदिवासींनीच चालवलेली आरोग्यसंस्था आत जाऊन कैद्यांना तपासते. बाहेर ज्यांच्या दवाखान्यात आई-आजी जातात, तीच माणसं आत भेटली तर दुखणं सांगायला जीभ रेटते. नुसत्या मास्कवाटपाने ते होत नाही.