मदत हवी आहे : १८५१ कोल्ट नेव्ही – ब्ल्यूइंग मूळचं की नंतर चढवलेलं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. शेजारच्या आजींचे यजमान वारले आणि त्यांच्या कपाटात घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं कोल्टचं १८५१ नेव्ही रिव्हॉल्व्हर निघालं. आजींना ते विकायचं आहे. एका विक्रेत्याने येऊन उभ्या उभ्या पाहिलं आणि "ब्ल्यूइंग नंतर केलंय, पाचर दुसऱ्याची आहे, फार तर 'फेअर' धरा" असं सांगून अगदी पडेल भाव केला. (ब्ल्यूइंग म्हणजे पोलादावर चढवलेला निळा-काळा थर, पाचर म्हणजे नळी जागेवर धरून ठेवणारी खीळ, आणि 'फेअर' ही स्थितीची खालची प्रत.) मला हा निवाडा पटलेला नाही. पण आजी माझ्या शब्दावर विसंबून आहेत, त्यांना खोटी आशाही दाखवायची नाही. म्हणून जाणकारांना विचारतोय.

पहिलं काम केलं ते हे बघण्याचं, की भरलेलं तर नाही ना. या जुन्या पर्कशन (टोपीने बार उडवणाऱ्या) हत्यारांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची दारू आणि शिशाची गोळी तशीच बसलेली सापडते. निपलवर (सिलिंडरमागच्या ज्या बोंडांवर टोप्या बसवतात त्यांवर) टोप्या नव्हत्या. मग पाचर काढून नळी उतरवली आणि सिलिंडरच्या प्रत्येक कोठ्यात लाकडी काडी घालून खोली मोजली. सहाही रिकामे आहेत.

आता स्थिती. नंबर सव्वा लाखाच्या आसपासचा आहे, म्हणजे १८६२चं उत्पादन. कंपनीचा संस्थापक सॅम्युअल कोल्ट वारला तेच वर्ष, यादवी युद्ध ऐन भरात होतं. नळीवरचा पत्ताही त्या काळाला जुळणाराच आहे, कर्नल कोल्टच्या नावासह न्यूयॉर्क, यू. एस. अमेरिका असा. नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि मुठीची पितळी पट्टी या चारही ठिकाणी तोच नंबर आहे, सिलिंडरवरचे आकडेही जुळतात. पाचरीवरचा नंबर मात्र वेगळा. फ्रेमवर किंवा मुठीवर सरकारी तपासणीचा एकही शिक्का दिसत नाही, त्यामुळे हे लष्करी खरेदीतलं नसून बाजारात विकलेलं असावं.

खरा वाद फिनिशचा आहे. नळी बहुतेक ठिकाणी करडी-तपकिरी झाली आहे. निळा रंग उरलाय तो लोडिंग लीव्हरच्या (नळीखालच्या गोळी ठासायच्या दांड्याच्या) मागे, जिथे हात किंवा चामड्याचं म्यान घासत नाही तिथे. मला वाटतं, मूळ रंग अशाच अडचणीच्या जागी टिकतो. शिवाय अष्टकोनी नळीच्या कडा अजून बोटाला लागतात आणि पत्त्याची अक्षरं एका बाजूला ओढल्यासारखी नाहीत. नवीन ब्ल्यूइंग करायचं तर आधी पॉलिश करावं लागतं. त्यात कडा गोल होतात आणि स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात. इथे तसं काहीच नाही. मात्र नळीच्या तोंडाशी उजव्या बाजूला गंजाचे बारीक खड्डे आहेत आणि खड्ड्यांच्या आतही गडद रंग दिसतो. विक्रेत्याने बोट ठेवलं ते नेमकं तिथे. खड्ड्याच्या आत निळाई म्हणजे गंजानंतर रंग चढवला, हे तत्त्व मलाही मान्य आहे. पण भिंगातून बघितल्यावर तो रंग मला निळा नाही, काळपट वाटतो. तो जुना, मुरलेला गंज असू शकेल का?

सिलिंडरवर १६ मे १८४३च्या, मेक्सिकोतल्या कांपेचेजवळच्या आरमारी लढाईचं चित्र असतं. ऑर्म्सबी या कोरीव कारागिराने कोरलेल्या साच्यावरून ते उमटवत. या सिलिंडरवर निम्म्याहून जास्त भागात जहाजं आणि शिडं दिसतात, बाकी झिजलंय. झीज क्रमाक्रमाने वाढत जाते, कुठेही एकदम कापल्यासारखी नाही. निपल मार खाल्लेली आहेत आणि त्यांतली दोन उरलेल्यांपेक्षा वेगळी दिसतात. घोडा अर्धा ओढला की सिलिंडर मोकळा फिरतो, पूर्ण ओढला की घट्ट बसतो. (घोडा रिकाम्या निपलवर सोडून बघितलेलं नाही आणि कुणी बघूही नये.) मूठ अक्रोडाची, एकसंध, खालच्या टोकाला छोटा टवका उडालाय. पितळेवरचा चांदीचा मुलामा ट्रिगर गार्डच्या सांध्यात नखभर शिल्लक आहे.

आजींच्या जावयाला हे पितळ चकचकीत करून फोटो काढायचे होते. आपल्याकडे काळवंडलेली पितळी भांडी चिंचेने घासून लखलखीत करतात, त्यामुळे त्याची इच्छा मला कळते. पण इथे पितळ घासलं की जुनी झाक जाईल आणि उरलेली चांदीही निघून जाईल. संग्राहक पैसे मोजतो ते याच झाकेचे. मी त्याला हात जोडून थांबवलं. सध्या मऊ कापडाने तेलाचा पातळ हात फिरवून ठेवलंय, बाकी काही नाही.

एन.आर.ए.च्या (अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या) ॲंटिक प्रतवारीत 'व्हेरी गुड'ला सगळे भाग मूळचे लागतात. मूळ फिनिश शून्य ते तीस टक्के उरलेलं असलं तरी चालतं, पण धातू गुळगुळीत, कडा तीक्ष्ण आणि अक्षरं स्पष्ट हवीत. 'गुड'मध्ये काही किरकोळ भाग बदललेले, हलके खड्डे, अगदी नव्याने ब्ल्यू केलेलंही बसतं. 'फेअर' म्हणजे मोठे भाग बदललेले, कडा गोल, अक्षरं अर्धवट पुसलेली. विक्रेत्याचं सगळं म्हणणं खरं धरलं तरी हे 'गुड'च्या खाली कसं जातं, ते मला समजत नाही.

तर माझे प्रश्न असे. पाचर ही सहज हरवणारी गोष्ट, ती आणि दोन निपल बदललेली असतील तर बाजारात जाणकार खरोखर 'व्हेरी गुड' नाकारतात, की नुसती नोंद करून पुढे जातात? खड्ड्यातला रंग गंज की ब्ल्यूइंग, हे धातूला इजा न करता ओळखायची खात्रीची पद्धत कोणती? कोल्टच्या अर्काइव्हमधून (कंपनीच्या जुन्या दप्तरातून) या काळातल्या नेव्हीच्या नोंदीचं पत्र कुणी मागवलंय का, त्यात पाठवणीची तारीख मिळाली का? आणि लिलावात द्यायचं तर पाचर वेगळी असल्याचं आपणच आधी लिहून द्यावं असं माझं मत आहे, त्याने बोली पडते का?

इटालियन प्रतिकृतीची शंका येईल म्हणून सांगतो, त्या देशाचे चाचणी-शिक्के कुठेच नाहीत, शिक्के घासून काढल्याच्या खुणाही नाहीत. नळीचं तोंड, सिलिंडर, सगळे नंबर आणि स्क्रूची डोकी यांचे दिवसाच्या उजेडातले फोटो पहिल्या प्रतिसादात देतोय. आणखी कुठल्या कोनातून हवे असतील तर सांगा, आजींकडे जाऊन काढून आणतो. त्या विक्रेत्याला त्यांनी अजून होकार दिलेला नाही.