कॅटमरानला जुनी जोडी एफ११५ बसवलीय, पंखे कुठले घेऊ?

देवबाग_बोटवाला:
नमस्कार मंडळी. आमची २६ फुटी फायबर कॅटमरान (दोन हलची, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट) आहे, मालवण-तारकर्ली साइडला स्कूबावाल्यांना नेतो. जुनी इंजिनं पार संपली होती म्हणून गोव्यातनं सेकंडहॅंड यामाहा एफ११५ (११५ हॉर्सपॉवरचं, बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन) ची जोडी आणली, दोन्ही सरळ फिरणारी, उलट फिरणारं एकही नाही. पंखे सोबतच आले, ॲल्युमिनियम, तीन पात्यांचे, १३ × १९ (व्यास १३ इंच, पिच १९ इंच; पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर). परवा ट्रायल घेतली. आठ माणसं, सिलिंडर, पेट्रोल फुल, दोन्ही थ्रॉटल शेवटपर्यंत, आणि आरपीएम ४९०० च्या वर जाईना, जीपीएसवर २७ नॉट. बोट उचलायला (म्हणजे वर येऊन पाण्यावरून घसरत धावायला) फार वेळ घेते आणि तोवर इंजिनं नुसती कण्हतात. ज्याच्याकडनं घेतली तो म्हणतो १९ चाच ठेव, पिच कमी केलास तर स्पीड जाईल. खरंय का? आणि एका बाजूला उलटा पंखा लावला तर जमेल का? १ सप्टेंबरला सीझन सुरू होतोय, त्याआधी सगळं नीट करायचंय.

गिअरऑइल:
पहिलं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण त्यात नुकसान मोठं आहे. सरळ फिरणाऱ्या इंजिनाला उलटा पंखा अजिबात लावू नका. फॉरवर्ड टाकलं की बोट मागे येणार, मग कोणीतरी सांगेल रिव्हर्समध्ये चालव, पण रिव्हर्सचा गिअर दिवसभर तेवढा जोर घ्यायला बनवलेलाच नसतो, खालचा गिअरबॉक्स जाईल. उलट फिरायला गिअरबॉक्सच वेगळा लागतो. कॅटमरानमध्ये इंजिनं लांब लांब असतात त्यामुळे दोन्ही सरळ असली तरी चालतं, स्टिअरिंग थोडं एका बाजूला ओढेल, ते पंख्याच्या वरच्या प्लेटखाली असलेल्या छोट्या ट्रिम टॅबने (वळवता येणाऱ्या पट्टीने) ॲडजस्ट करा.

आता पिच. जुन्या एफ११५ ची फुल थ्रॉटलची रेंज ५००० ते ६००० आहे आणि धंद्याच्या बोटीने ती भरलेल्या लोडवर गाठायला हवी, रिकाम्या बोटीवर नाही. तुम्ही खालच्या टोकाच्याही खाली आहात. इंजिन असं दाबून चालवलं की गरम होतं, कार्बन धरतं, आणि तुमची तर आधीच वापरलेली आहेत. एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. म्हणजे १७ ला ५३०० च्या आसपास, १५ ला ५७०० च्या आसपास. मी १५ घेईन.

स्पीड जाईल म्हणतात त्यांना हा हिशोब दाखवा. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या, तुमचा २.१५), भागिले १२१५, की नॉट येतात. ४९०० वर १९ चा पंखा कागदावर ३५.६ नॉट देतो, तुम्हाला मिळतात २७, म्हणजे २४ टक्के घसरण (पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा भाग). १५ चा ५७०० वर कागदावर ३२.७, आणि घसरण १७-१८ टक्क्यांवर आली तरी २७ च राहतात! फक्त बोट लवकर उचलेल आणि इंजिन मोकळं चालेल.

तांडेल७१:
वरच्यांचं बरोबर आहे पण पंखे विकत घ्यायच्या आधी जुने काढून बघा. पंख्याच्या मधल्या बुशात रबर असतं, ते जुनं झालं की आतल्या आत सरकतं आणि आरपीएमचे आकडे सगळे खोटे येतात. आतल्या बुशापासून बाहेरच्या हबपर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, बोट जोरात चालवून या, रेघ तुटलेली दिसली तर पंखा बाद. शाफ्टच्या सीलमागे तंगूस अडकलाय का बघा, आमच्याकडे निम्म्या वेळा तेच निघतं. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं असेल तर सील गेलंय आणि पाणी शिरलंय. परत बसवताना शाफ्टला ग्रीस लावा आणि थ्रस्ट वॉशर आठवणीने घाला, तो किनाऱ्यावर विसरलेला मी पाहिलाय.

बाकी कंप्रेशन (इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब) दोन्ही इंजिनांचं घेतलंय ना? एक अशक्त असेल तर पंखा बदलून दोन्हीचे आरपीएम जुळणार नाहीत.

देवबाग_बोटवाला:
कंप्रेशन घेतलं, दोन्हीकडे फरक १० टक्क्यांच्या आत. रेघ मारली तर डाव्या पंख्याची जवळजवळ दोन बोटं सरकली! तंगूसही निघाला, काळा पडलेला, सीलच्या कडेला घट्ट गुंडाळलेला. सील बदललं. मग ओळखीच्याकडनं १३½ × १५ ची जोडी उसनी आणली (पिच कमी झाली की व्यास थोडा वाढतो हे हातात घेतल्यावर कळलं). तेवढाच लोड, दोन्ही ५७०० ला थोडे कमी, २७ नॉट, आणि बोट अर्ध्या वेळात उचलली. आवाजच बदलला हो इंजिनाचा, बरं वाटलं.

एकच राहिलं. डावीकडे जोरात वळवली की उजव्या इंजिनाचे आरपीएम एकदम चढतात आणि ढकल जाते.

गिअरऑइल:
ती हवा आहे. दोन हलच्या मधनं फेसाळ पाणी येतं आणि वळताना पंखा त्यात सापडतो. उजवं इंजिन ब्रॅकेटवर एक भोक खाली घ्या आणि वळताना ट्रिम (इंजिनाचा कल) आत, बोटीकडे ठेवा. तेवढ्यानेही नाही गेलं तर चार पात्यांचा बघा, तो पाणी जास्त धरून ठेवतो, पण आरपीएम थोडे उतरतील, आणि घ्यायचे तर दोन्हीकडे सारखेच. स्टेनलेसच्या मागे लागू नका, तुमच्याकडे खडकात जावं लागतं, ॲल्युमिनियमचं पातं वाकेल पण गिअर वाचायची शक्यता जास्त.

देवबाग_बोटवाला:
उद्या भरतीला एक भोक खाली घेऊन बघतो, इथेच लिहितो काय झालं ते.