रोम दुसऱ्यांदा: टूर न घेता चार दिवस कसे लावावेत?

प्रश्न (पुन्हारोम): कलोसियम, फोरम, व्हॅटिकन पहिल्या खेपेला गटाबरोबर पाहून झालंय. आता शनिवार ते मंगळवार मोकळे आहेत, गाईड नको. बोर्गेसे गॅलरी (कलासंग्रहालय) आणि ऑस्तिआ अँतिका (रोमच्या जुन्या बंदराच्या शहराचे अवशेष) नक्की करायचंय. सोमवारी ऑस्तिआ ठेवलं तर चालेल का? तिकिटांचं काय?

वाटसरू: सोमवारी नको. ऑस्तिआ त्या दिवशी बंद, बोर्गेसेही बंद. बोर्गेसे शनिवारी घ्या. आत दोनच तास मिळतात आणि वेळ आधी आरक्षित करावीच लागते. पिशव्या जमा कराव्या लागतात, म्हणून थोडं लवकर पोचा. उशीर झाला तर तो तुमच्याच दोन तासांतून जातो.

ऑस्तिआ मंगळवारी करा. मेट्रो बी ने पिरामिदे, शेजारच्याच पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकल, साधारण अर्धा तास. उतरल्यावर रस्त्यावरचा पादचारी पूल ओलांडून सरळ चाला. निदान तीन तास हवेत. बहुतेक जण नाट्यगृहाशी थांबून परततात आणि त्याच्याच मागचा व्यापाऱ्यांचा चौक राहून जातो. तिथल्या मोझेइकमधली जहाजं न पाहता येऊ नका. सावली फार कमी, टोपी आणि पाणी हवंच.

परतीच्या लोकलने बाझिलिका सान पाओलोला उतरा. तिथून मेट्रो बी ने एकच स्थानक पुढे गार्बातेल्ला, आणि मग थोडं चालून चेंत्राले मोंतेमार्तिनी हे संग्रहालय. १९१२ चं वीजकेंद्र, त्यातल्या अवाढव्य डिझेल इंजिनांसमोर रोमन संगमरवरी पुतळे मांडलेत. दुसऱ्या खेपेला यासारखी जागा नाही. हेही सोमवारी बंदच असतं.

तिकीटखिडकी: साधं तिकीट दीड युरो, १०० मिनिटं. तेवढ्यात बस कितीही बदला, पण मेट्रोच्या फाटकातून एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा मेट्रो मिळत नाही. ऑस्तिआची लोकलही याच शहरी तिकिटावर चालते, वेगळं काढू नका. बसमध्ये कागदी तिकीट यंत्रात छापून घ्या, न छापलेलं म्हणजे विनातिकीटच, दंड होतो. बँकेचं कार्ड टेकवत असाल तर दर वेळी तेच टेकवा. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन वापरला तर यंत्र ते दोन वेगळे प्रवासी धरतं. दोघांनी एक कार्ड वापरणंही चुकीचं.

संथपावलं: मग सोमवारी चर्च. सान लुईजी देई फ्रांचेझीत चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, जवळच सांत'आगोस्तिनोत एक, सांता मारिया देल पोपोलोत दोन. सगळं विनामूल्य. दुपारी मात्र ही दारं बंद होतात, म्हणून साडेअकराच्या आत निदान पहिली दोन चर्चं उरका. कोनाड्यात अंधार असतो. दिव्याच्या पेटीत नाणं टाकावं लागतं, सुटे युरो खिशात ठेवा. दुपारी कापितोलिन संग्रहालय, ते सोमवारीही उघडं असतं.

रविवारी आप्पिया अँतिका हा प्राचीन रोमन रस्ता, कारण त्या दिवशी रस्त्याचा मोठा भाग गाड्यांना बंद असतो. इतर दिवशी सुरुवातीच्या टप्प्यात पदपथच नाही, भिंतीला चिकटून चालावं लागतं. सायकल घेतलीत तर जाड टायरची. वाटेतली चेचिलिया मेतेल्लाची रोमन कबर ओलांडली की मूळ बसाल्टचे दगड लागतात, बारीक चाकं त्यांच्या फटीत अडकतात.

पुन्हारोम: म्हणजे शनिवारी बोर्गेसे, रविवारी आप्पिया, सोमवारी चर्च, मंगळवारी ऑस्तिआ. आधी बोर्गेसेची वेळ धरते.